रॅम बसते, प्रोसेसर बसवावा लागतो

लॅपटॉप जुना झाला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो भंगारात द्या, दुसरा म्हणतो अजून चालतोय की! मी दुसऱ्या पक्षाचा. 'चालतोय' म्हणजे बटण दाबून चहा टाकायचा. चहा पिऊन कप विसळेपर्यंत पासवर्डची चौकट येते.

वेग वाढवायची सुरुवात रॅमपासून (म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीपासून) करावी. तिथे हमखास यश मिळतं, आणि तिथूनच डोकं फिरतं. 2011-12 च्या लॅपटॉपला डीडीआर3 या पिढीच्या रॅमची 204 पिनांची पट्टी लागते. डीडीआर4 ला 260 पिना, शिवाय खाच वेगळ्या जागी, त्यामुळे ती बसत नाही. (बसलीच, तर काहीतरी तुटलंय.) टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट आहेत, किती भरलेत ते दिसतं. 4 जीबीची आणखी एक पट्टी घातली की ड्युअल चॅनेलही (दोन पट्ट्या जोडीनं चालणं) पदरात पडतं. विंडोज 32 बिटचं असेल तर मात्र 8 जीबी घालूनही ते चारच्या आतच वापरतं.

बॅटरी काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, पट्टी तिरकी खुपसून खाली दाबा. दोन्ही चिमटे टक् वाजले पाहिजेत. पडदा काळाच राहिला तर पिनांवर खोडरबर फिरवून पुन्हा बसवा. हा उपाय हास्यास्पद दिसतो आणि बहुतेक वेळा लागू पडतो.

आता प्रोसेसर. आधी त्याचं नाव शेवटपर्यंत वाचा. शेवटी 'यू' असेल तर तो मदरबोर्डला सोल्डर केलेला, विषय संपला. इंटेलच्या चौथ्या पिढीत 'एमक्यू' काढून बदलता येतो, 'एचक्यू' येत नाही. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपमधलं सॉकेटच (प्रोसेसर बसवायची खोबण) गेलं. आय5-2520एम असेल तर आय7-2640एम घालता येतो. दोघेही 35 वॅटचे, दोघांचेही कोअर (आतले गणनेचे भाग) दोनच, वेग 2.5 वरून 2.8 गिगाहर्ट्झ. एवढ्यासाठी कीबोर्ड, पामरेस्ट, पंखा, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) सगळं उतरवायचं! चार कोअरचा 2670क्यूएम 45 वॅटचा. तो घातला की पंखा बोंबलत राहतो. बायोसनं (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामनं) नव्या पाहुण्याला ओळखच दाखवली नाही तर तेही नाही.

सॉकेटचा स्क्रू अर्धा वळसा फिरवला की प्रोसेसर सुटतो. खाली 988 पिना. जुन्या बाजारातला घेताना त्या तिरक्या प्रकाशात बघाव्यात, 'चेक करून दिलाय' यावर विसंबू नये. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढीच. हीटसिंकवर छापलेल्या आकड्यांच्या क्रमानं स्क्रू आवळा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर पामरेस्टमधून वर डोकावतो, तेव्हा काढतानाच कागदावर चिकटवून ठेवा.

खरं तर मंदपणा बहुधा हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) दोन-चार स्क्रूंत बसते. पण हे आधी सांगितलं तर पेस्ट कोण विकत घेणार?