नव्या गाडीला काय लावायचं?

गाडी घरी येऊन चारच दिवस झाले होते, तरी सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर एक कडक, पारदर्शक थर, करून घ्यायचं हे बंड्याने पक्कं केलं होतं. "नाइन एच कडकपणा आहे. ओरखडा उठणारच नाही."

नाना कित्येक वर्षं गाड्यांच्या रंगकामात आहे. तो म्हणाला, "अरे, नाइन एच ही पेन्सिलची चाचणी. त्या पेन्सिलने ठरावीक दाबाने रेघ ओढली आणि थराला काही झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिलच्या शिशापेक्षा कितीतरी कडक असतो."

"मग वॅक्सच बरं," अण्णांनी आपली बाजू लावून धरली. "कार्नोबा वॅक्स, ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं. हाताने लावलं की रंगाला काय खोली येते!"

"खोली येते अण्णा, पण ऊन आणि शाम्पू यांच्यापुढे ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतं."

मी बंड्याला विचारलं, गाडी फिरणार कुठे? रोज हायवेने, ट्रकच्या मागे, असं तो म्हणाला. माझ्या मते वाद तिथेच मिटायला हवा होता. हायवेवर खरा शत्रू उडणारा खडा. गाडीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा कंपनीचाच पारदर्शक थर, साधारण ४०-५० मायक्रॉनचा. सिरॅमिकचा थर त्यावर जेमतेम एक-दोन मायक्रॉन. पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, मात्र १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि पॉलियुरेथेन या लवचीक प्लास्टिकची असल्याने खड्याचा मार स्वतःवर घेते. बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरूनही येतात.

"पण सगळ्या गाडीला फिल्म म्हणजे केवढा खर्च!" बंड्या कुरकुरला.

"सगळ्या गाडीला कशाला? बंपर, बोनेट, आरसे. बाकीच्या भागाला कर खुशाल सिरॅमिक," नाना म्हणाला. "धूळ-चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं होतं. तेवढ्यासाठी ते चांगलंच आहे."

इथे मला माझं सांगावंच लागलं. सिरॅमिक केलंय म्हणून मी निर्धास्त झालो, गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली. पाण्याचे थेंब जागीच सुकले, त्यातले क्षार मागे राहिले आणि बोनेटभर पांढरे डाग पडले. पुसून गेले नाहीत, पॉलिश करावं लागलं. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा घासून काढणंच, आणि तो परत येत नाही.

नाना यावर बराच वेळ बोलला. नवी गाडीसुद्धा यार्डात कशीही पुसलेली असते, तिच्यावर गोल गोल बारीक ओरखडे असतात. त्यावर तसंच कोटिंग केलं तर ते थराखाली जसेच्या तसे राहतात. म्हणून आधी उजेडात गाडी नीट बघायची, मीटरने रंगाची जाडी मोजायची, गरज असेल तेवढंच पॉलिश करायचं. मीटर न लावता सरळ मशिन फिरवायला घेणाऱ्याकडे गाडी सोडू नये, हे त्याने दोनदा बजावलं.

"मग तोवर काय करू? रोज सकाळी पुसतोय मी," बंड्या म्हणाला.

"कोरड्या फडक्याने?"

बंड्या गप्प झाला.

"ते आजपासून बंद. आधी पाणी मारून धूळ उतरव, मग शाम्पू. दोन बादल्या घे, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला. आणि पाणी सुकायच्या आत सावलीत टिपून घे."