‘नुसता कात्री-कागदाचा खेळ’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

कागदी प्राण्यांतून अक्षरं शिकवणाऱ्या आमच्या वर्गाबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. फी घेऊन मुलांकडून रद्दीचे प्राणी चिकटवून घेतात, अ-आ-इ सोडून ‘म’पासून सुरुवात करतात, ‘ण’ला हरण शिकवतात आणि महिना झाला तरी मुलाला एक अक्षर धड लिहिता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सांगलीत विश्रामबागेत आमचा वर्ग बघायला येणारे बाकीचे पालकही हे वाचतात, म्हणून उत्तर इथेच देते.

आधी ‘म’चं. मोर सोडून मगर कशाला, असं तुमचं म्हणणं. मोर करायला मलाही आवडतो, पिसारा फार देखणा होतो. पण मोरात ‘मो’ आहे, आणि चार वर्षांच्या मुलाला त्यातला ‘म’ वेगळा काढता येत नाही. मगरीत काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. म, ग, र ही तीन अक्षरं कापून मगरीच्या पाठीवर डकवली की मूल त्यांच्यावरून बोट फिरवत अख्खा शब्द वाचतं. बदक, तरस यांचंही तसंच. ‘अ’ आम्ही सोडलेला नाही. मगरीनंतर अजगर येतो. त्यात ग आणि र ओळखीचे असतात, नवीन फक्त अ आणि ज. पहिलीच्या पुस्तकातसुद्धा अक्षरं ओळीने येत नाहीत, गटागटाने येतात. शिवाय मगर म्हणजे काय हे कृष्णाकाठच्या मुलांना सांगत बसावं लागत नाही. आयर्विन पुलावरून जाताना निम्मी पोरं पाण्यात तीच शोधत असतात.

आता हरण. ‘ण’ने सुरू होणारा प्राणी तुम्हीच सांगा, उद्यापासून तोच करून घेते. ‘ण’ आणि ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाहीत, म्हणून तर आपण सगळे बाणातला ण आणि बाळातला ळ शिकलो. आमच्याकडे बाकीच्या प्राण्यांचं अक्षर तोंडाजवळ लावतात, हरणाचं मात्र शेपटीला आणि वटवाघळाचं पंखाच्या टोकाला. आवाज शब्दात कुठे आहे, हेही त्यातून मुलाला कळतं. ‘च’ची अडचण याहून मोठी आहे, आणि तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही याचं मला नवल वाटतं. चिमणीतला च वेगळा, चोचीतला वेगळा, अक्षर मात्र एकच. म्हणून आमच्या चिमणीला अंगापेक्षा मोठी चोच असते आणि च दोन ठिकाणी चिकटवलेला असतो. घरी आलेली चिमणी बेढब दिसली असेल तर ती मुद्दाम तशी आहे.

रद्दी म्हणालात त्या जुन्या लग्नपत्रिका. घोटीव कागदाचा हत्ती टेबलावर उभाच राहत नाही, पायात दुमडतो. पत्रिकेचा जाड कागद उभा राहतो आणि बोथट कात्रीनेही कापता येतो. नवीन कार्डशीट वापरायला माझी ना नाही, पण पहिल्या दहा मिनिटांत मुलं ते कसं भादरतात हे एकदा येऊन बघा.

लिहिण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. कात्रीची उघडमीट, चिमटीत धरून फाडलेला कागद, बोटाने पसरलेली खळ, यातून पेन्सिल धरणारी बोटं तयार होतात. माँटेसोरी बाईंनी सँडपेपरच्या अक्षरांवरून बोट फिरवायला लावलं ते लिहिण्याच्या आधी. आम्ही खळीवर रवा भुरभुरतो, काम तेच. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे चौथ्या वर्षीच लिहिण्याची घाई नाही. महिन्यात लिहायला शिकवतो अशी पाटी लावणारे वर्ग सांगलीत मिळतील. माझ्या दारावर ती पाटी लागणार नाही. तुमच्या मुलानं परवा वर्गात डब्यातल्या भडंगाच्या पाकिटावरचा ‘ग’ दाखवला, तो कोणी न विचारता.

कान वाकडे, डोळे एकाच बाजूला, हे खरं आहे. काम त्याचं आहे. ग्रुपवर फोटो चांगला यावा म्हणून मुलाचं काम आमच्या ताई सरळ करून देत नाहीत, देणारही नाहीत.

इंग्रजीची बॅच वेगळी आहे, जूनमध्ये विचारा. ‘ए’ला ॲलिगेटर हवा असेल तर तो तिथे करतो. कृष्णेत असते ती क्रोकोडाइल, तेव्हा ती ‘सी’त येते.

पुढच्या महिन्याची फी तुम्ही भरलेली आहे. पाठवायचं नसेल तर संध्याकाळी सहानंतर या, पूर्ण परत देते. पाठवणार असाल तर या आठवड्यात अजगर आहे, आणि त्याला लांब पट्ट्या लागतात. घरात जुन्या पत्रिका पडून असतील तर मुलाबरोबर द्या.