कृषी संशोधनावरचा पैसा खरोखर पाण्यात जातो का?

मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सध्या फिरतो आहे. आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थांना दिलेला पैसा पाण्यात जातो, त्यांचे वाण शेवटी कंपन्यांच्याच घशात जातात, आपली विद्यापीठे हेच काम एकट्याने करू शकतात आणि शेतकरी होता तिथेच आहे, असे त्याचे म्हणणे. यातील शेवटच्या तक्रारीत तथ्य आहे. आधीच्या तिन्हींत फारसे नाही.

पैसा पाण्यात गेला की नाही, हे हिशेबाशिवाय कळत नाही. गहू, भात, ज्वारी, तूर अशा पिकांवर काम करणाऱ्या केंद्रांचा सीजीआयएआर हा समूह १९७१ मध्ये उभा राहिला. त्याच्या पाच दशकांच्या कामाचा मोठा आर्थिक आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या मूल्याने सुमारे ६० अब्ज डॉलर खर्च आणि त्याच्या साधारण दहापट लाभ, असा त्याचा निष्कर्ष आहे. या सरासरीने हुरळून जाऊ नये, कारण पुष्कळशा चाचण्या वाया जातात आणि मोजके वाण सगळ्यांचा खर्च भरून काढतात. शिवाय हा लाभ कोणाच्या खात्यावर जमा होत नाही. तो वाढलेल्या उताऱ्यात, स्वस्त झालेल्या धान्यात आणि टळलेल्या नुकसानीत विखुरलेला असतो.

कंपन्यांच्या आरोपासाठी बाजरीकडे पाहावे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या सीजीआयएआरच्याच केंद्राने आफ्रिकेतील टोगो देशाच्या स्थानिक बाजरीतून निवड करून आयसीटीपी ८२०३ हा वाण काढला आणि १९८८ मध्ये तो महाराष्ट्रात प्रसारित झाला. जाड कणीस, टपोरा राखाडी दाणा आणि लवकर हाती येणारे पीक ही त्याची ओळख. हा वाण संकरित नाही, त्यामुळे खळ्यावरचे निवडक बी पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येते. त्यातूनच जास्त लोह असलेली धनशक्ती २०१२ मध्ये आली. खासगी कंपन्याही इक्रिसॅटच्या वाणांवरून संकरित बियाणे तयार करून विकतात, हे मान्य. पण तेच मूळ बी विद्यापीठांनाही मिळते, आणि बी ठेवता येणाऱ्या वाणात मक्तेदारी कसली?

विद्यापीठे एकट्याने करतील, हा दावा तर परभणीतच कोसळतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसारित केलेली, लोह व जस्त अधिक असलेली परभणी शक्ती ही ज्वारी इक्रिसॅटबरोबरच्या कामातून आली. सोयाबीन उत्पादक ज्याला नुसते बीबीएफ म्हणतात, त्या रुंद वरंबा-सरीचा अभ्यासही काळ्या भारी जमिनीसाठी पाटणचेरूलाच झाला: पाऊस जास्त झाला की पाणी सरीतून निघून जाते आणि वरंब्यावरचे रोप पिवळे पडत नाही, ओढ दिली तर तीच सरी ओल धरते. देशपातळीवर पाहिले, तर १९६६ मध्ये मेक्सिकोहून आणलेल्या १८,००० टन गव्हाच्या बियाण्याने हरितक्रांतीची सुरुवात झाली. कल्याणसोना आणि सोनालिका हे वाण मात्र तिकडच्या वंशातून इथल्या शास्त्रज्ञांनी निवडले. दोन्हींपैकी एक बाजू काढली, तर दुसरीचे काम अडते.

आता शेवटची तक्रार. २०१६-१७ मध्ये तूर अमाप पिकली, दर क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला आणि खरेदी केंद्रांसमोर शेतकरी पोती घेऊन दिवसदिवस थांबले. उत्पादन वाढले की दर पडतो आणि लाभाचा मोठा वाटा ग्राहकाकडे जातो, हे अर्थशास्त्राला नवे नाही. पण तो दोष खरेदी, साठवण आणि आयातीच्या धोरणाचा आहे, मर रोगाला तोंड देणाऱ्या तुरीच्या वाणाचा नाही. आणि ग्राहक म्हणजे फक्त मुंबई-पुणे नव्हे. रोजंदारीवर तुरीची कापणी करणारी भूमिहीन मजूर बाई डाळ दुकानातूनच विकत आणते, आणि संदेशाच्या हिशेबात तिचे घर कुठेच धरलेले नाही.