हापूसचा पंचनामा होतो, बाकीच्यांचं काय?

फेब्रुवारीतच पारा पस्तिशीपार गेला की आमच्या कोकणात एकच चर्चा: हापूसचं काय होणार? मोहोर करपला, कैरी गळली, पुढे फळ कापावं तर आत साका, म्हणजे गर पांढरट आणि स्पंजसारखा. बागायतदार ओरडतो ते रास्तच आहे, कर्ज त्याच्या डोक्यावर असतं. पण आंब्याला बाजारभाव आहे म्हणून त्याचं नुकसान मोजलं तरी जातं. ज्याला भावच नाही त्याचा पंचनामा कोण करणार?

कासवांचंच बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी राखली जातात आणि गावकऱ्यांनी केलेलं हे काम खरंच मोठं आहे. भरतीच्या रेषेजवळचं घरटं उकरून अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखीव कुंपणात, आणायची, तेवढाच खोल खड्डा करून पुरायची, वर टोपली झाकायची. पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ पाण्याकडे सोडायची. बघणाऱ्यांचे मोबाईल तेवढ्यापुरते वर होतात. पण कासवाचं पिल्लू नर की मादी हे ठरतं वाळूच्या उष्णतेवर. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याहून वाळू तापली की माद्याच जास्त, आणि फारच तापली तर अंडी आतच मरतात. बाहेरून पिल्लू बघून काही कळत नाही. म्हणजे हजारो पिल्लं सुखरूप समुद्रात गेली असं आपण आनंदाने छापतो, पण त्यात नर किती होते ते कुणी सांगू शकत नाही. उशिरा घातलेली अंडी तर एप्रिलच्या उन्हात सापडतात.

समुद्राचं वेगळंच. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानेच पोटात घेतली आहे. वरचं पाणी तापून हलकं झालं की खालचं थंड, पोषक पाणी वर येत नाही. मग प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कमी, आणि त्यावर जगणारी तारली, बांगडा दुसरीकडे सरकतात. मासा निदान पोहत जाऊ शकतो, मालवणच्या प्रवाळाने कुठे जायचं? पाणी फार काळ तापलेलं राहिलं की तो आपल्या पेशीतलं शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्या शेवाळावरच त्याचं पोट असतं. पर्यटक मात्र त्याच प्रवाळावर पाय ठेवून फोटो काढतात.

जमिनीवर अडचण आणखी मोठी, कारण वाट आपणच अडवलीय. बेडूक, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, पण बेडकाच्या नात्यातला बिनपायाचा जीव) यांची कातडी ओली राहिली तरच ते जगतात. ऊन वाढलं की यांना सावलीकडे, ओढ्याकडे सरकावं लागतं. मध्ये चिऱ्याची खाण, रस्त्यासाठी कापलेला डोंगर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, लावलेला वणवा. दोडामार्गात बांबर्डे-हेवाळ्याला रानजायफळाची दलदलीची राई देवाच्या नावावर टिकली आहे. तिचं पाणी आटलं तर ती झाडं जातील कुठे?

म्हणून मला 'काय करणार, ग्लोबल वॉर्मिंग!' या वाक्याचा राग येतो. हल्ली ते सगळ्यांच्याच सोयीचं झालंय. मासळी कमी झाली? वॉर्मिंग. झरा आटला? वॉर्मिंग. रात्री एलईडीच्या उजेडाने मासा गोळा करून पर्ससीनच्या अजस्र जाळ्याने समुद्र उपसला, हे कुणी बोलायचं नाही. कोळशाचा धूर आपल्या एका गावाने थांबणार नाही, मान्य. पण आधीच उष्णतेने दमलेल्या जिवाला वर धक्के कोण देतंय? सड्याला 'पडीक जमीन' म्हणून कागदावर लिहिणारे, वणवा लावून 'गवत चांगलं येतं' म्हणणारे आपलेच भाऊबंद आहेत.

हॅचरीवर हिरवं शेडनेट टाकायला आणि वाळूत थर्मामीटर ठेवायला फार पैसे लागत नाहीत. पिल्लांच्या आकड्याशेजारी वाळूचं तापमानही फलकावर लिहायला हवं, असं माझं म्हणणं आहे. कुणाच्या गावात अशा नोंदी ठेवत असतील तर कमेंटमध्ये सांगा, किती वर्षांच्या आहेत तेही. आणि वणव्याच्या बाजूने वाद घालायला येणाऱ्यांनी आधी आपल्या सड्यावर पावसाळ्यात एक चक्कर मारून यावं.