होतकरू बेसबॉल संघमालकास उपयुक्त सूचना

बेसबॉलचा संघ विकत घेण्याइतका पैसा आपल्या हाती कधी आलाच, तर फलंदाजांच्या भानगडीत फार न पडता सगळे लक्ष पिचरांवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांवर, द्यावे, आणि त्यासाठी लॉस एंजलिस डॉजर्सचा २०२५ चा हंगाम अभ्यासाला घ्यावा. या संघाने त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली. तेव्हा त्याने जे जे केले ते विचारपूर्वकच केले, असे मानणे आपल्याला भाग आहे. हरलेल्या संघाने हेच केले असते तर त्याला सावळागोंधळ म्हटले असते, पण तो प्रश्न आपण काढू नये.

खरेदी हिवाळ्यात करावी आणि ती ठळक मथळे मिळतील अशी करावी. ब्लेक स्नेलशी पाच वर्षांसाठी १८.२ कोटी डॉलरचा करार करावा, त्याला दोन सामने खेळवावेत आणि मग खांदा दुखतो म्हणून ऑगस्टपर्यंत विश्रांती द्यावी. एप्रिल संपता संपता टायलर ग्लासनाऊचाही खांदा कुरकुरू द्यावा, आणि जपानहून मोठ्या थाटात आणलेल्या रोकी सासाकीला मे महिन्यात त्याच कारणासाठी त्याच रांगेत बसवावे. शोहेई ओहतानी पिचर म्हणूनही खेळतो हे खरे. पण २०२३ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे, पिचर म्हणून तो १६ जूनपर्यंत मैदानात दिसणार नाही आणि त्या दिवशीही एकच इनिंग (सामन्यातल्या नऊ डावांपैकी एक, तीन बळींचा) टाकेल, याची मानसिक तयारी ठेवावी. त्याच्या ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी दहा वर्षांचा करार संपल्यावर द्यायचे आहेत, ही मात्र मनाला उभारी देणारी बाब आहे. उधारी एवढ्या मोठ्या रकमेची असली की तिला वित्तीय नियोजन म्हणतात.

आता जखमींच्या यादीकडे वळू, कारण आपला बराचसा संघ तिथेच राहायला जाणार आहे. पिचर जखमी झाला की तो किमान १५ दिवस बाहेर बसतो. त्याचे दुखणे त्याहून कमी दिवसांचे असेल तर त्याने ते नियमाच्या मापात बसवावे. दुखणे भारी असल्यास त्याला ६० दिवसांच्या यादीत घालावे. याचा लाभ असा की त्याचे नाव ४० जणांच्या मुख्य यादीत मोजले जात नाही आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरा, अद्याप न दुखावलेला, उजवा किंवा डावा हात आणता येतो. माळ्यावर टाकलेल्या सामानाप्रमाणे हे पिचर घरात असतात, त्यांचा खर्चही चालू असतो, फक्त ते पायात येत नाहीत. कोपरातला अस्थिबंध तुटून तो बदलावा लागला, तर वर्षभराहून अधिक काळ निश्चिंत राहावे. ही शस्त्रक्रिया प्रथम १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डॉजर्सच्याच पिचरवर केली आणि तेव्हापासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे परंपरा घरचीच आहे. जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला, हे उदाहरण आपल्या तरुण पिचरांना वारंवार सांगत राहावे. त्यामुळे कोपराची भीती कमी होते आणि चेंडूचा वेग वाढतो.

जखमींच्या यादीत सगळेच मावत नाहीत, म्हणून धडधाकट पिचरांसाठी ओक्लाहोमा सिटीच्या दुय्यम संघाची सोय आहे. सामन्यासाठी २६ खेळाडू ठेवता येतात आणि त्यांत पिचर १३ पेक्षा अधिक नसावेत, असा नियम आहे. (ओहतानी दोन्ही कामे करतो म्हणून तो या तेरांत धरला जात नाही. नियमाला अशी एक खिडकी असणे किती सोयीचे असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.) तेराच्या तेरा हात आदल्या रात्री दमले, तर त्यांतल्या एका तरुणाला सकाळी बोलावून घ्यावे, त्याने काल किती छान गोलंदाजी केली ते सांगावे आणि सुमारे १,९०० किलोमीटरवरच्या दुय्यम संघात रवाना करावे. त्याचा अपराध इतकाच, की तो काल कामाला आला आणि त्यामुळे आज त्याचा उपयोग नाही. त्याच्या जागी जो येईल तो ताज्या दमाचा असेल. त्याचाही दम दोन दिवसांत उतरेल, मग त्यालाही छान गोलंदाजीबद्दल शाबासकी द्यावी. एका हंगामात एकाच खेळाडूला असे पाचांहून अधिक वेळा खाली धाडता येत नाही, हा २०२२ पासूनचा नियम थोडा जाचक आहे. तेव्हा तरुण भरपूर ठेवावेत. ज्याला खाली धाडण्याची मुभाच उरलेली नाही, त्याचे नाव मुख्य यादीतून काढावे आणि दुसरा संघ त्याला उचलतो का, याची वाट पाहावी. अशा रीतीने डॉजर्सने वर्षभरात जवळपास ४० जणांना चेंडू टाकायला लावले. सगळ्यांची नावे पाठ असलेला चाहता भेटलाच तर त्याला नोकरीवर ठेवावे.

एवढे करूनही एखाद्या दिवशी हात कमी पडतात, त्यावरही उपाय आहे. १० जूनला सॅन डिएगोमध्ये मॅट सॉअरला दुसऱ्या इनिंगपासून उभे केले आणि तिथेच राहू दिले. त्याने १११ चेंडू टाकले, १३ फटके खाल्ले, ९ धावा दिल्या. बुलपेनकडे, म्हणजे राखीव पिचर बसतात तिकडे, कोणी वळूनही पाहिले नाही, कारण तिथल्या मंडळींना उद्यासाठी जपायचे होते. तो अखेर बाहेर आला तेव्हा सहाव्या इनिंगमध्ये चेंडू दिला तो किके हर्नांडेझच्या हाती, जो पिचर नाहीच. सामना ११-१ असा गेला. विश्वविजेत्या संघाची तिकिटे काढून आलेल्यांना असा प्रयोग नेहमी पाहायला मिळत नाही.

शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखणाऱ्या पिचरला क्लोजर म्हणतात. तो महागच घ्यावा. डॉजर्सने टॅनर स्कॉटला चार वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलर मोजले आणि त्याने हंगामात आघाडी राखण्याच्या दहा संधी घालवल्या. ६ सप्टेंबरची बाल्टिमोरची रात्र तर आपण ध्वनिचित्रफीत लावून, नव्या कर्मचाऱ्यांना समोर बसवून दाखवावी. डॉजर्सच्या योशिनोबू यामामोटोने ८ इनिंग आणि वर दोन बळी होईपर्यंत एकही फटका लागू दिला नव्हता. ३-० अशी आघाडी होती आणि एकच बळी उरला होता. बाल्टिमोरच्या जॅक्सन हॉलिडेने मारलेला चेंडू भिंतीच्या जेमतेम पलीकडे गेला, एक धाव झाली, ११२ चेंडू टाकलेल्या यामामोटोला टाळ्यांच्या गजरात बाहेर नेले आणि उरलेल्या एका बळीसाठी ब्लेक ट्रायननला बोलावले. त्याने एक दुहेरी फटका दिला, एकाला चेंडू मारला, दोघांना फुकट बेस (धावेच्या वाटेवरचा एक टप्पा) दिला, एक धाव बहाल केली. मग स्कॉट आला आणि त्याने एका फटक्यात उरलेल्या दोन धावा देऊन टाकल्या. बाल्टिमोर ४-३ ने जिंकले. तो एक बळी त्या रात्री कोणालाच मिळाला नाही.

आता वर्ल्ड सिरीज कशी जिंकावी ते सांगतो. ज्यांना आघाडी राखण्यासाठी पैसे दिले, त्यांना शक्यतो आघाडीच्या आसपास फिरकू देऊ नये. मे महिन्यात खांद्यामुळे बसवलेल्या सासाकीला क्लोजर करावे. टोरोंटोविरुद्धचा तिसरा सामना १८ इनिंगपर्यंत, म्हणजे ६ तास ३९ मिनिटे, चालू द्यावा आणि नऊ पिचर संपले की दहावा म्हणून विल क्लाइनला पाठवावे. हा क्लाइन जूनमध्ये सिअ‍ॅटलकडून आला होता. तो आल्याची बातमी ज्यांनी वाचली, त्यांनी ती त्याच दिवशी विसरूनही टाकली असेल. त्याने चार इनिंगमध्ये ७२ चेंडू टाकले आणि एकही धाव दिली नाही. त्याच्यानंतर कोणीच शिल्लक नव्हते म्हणून दोनच दिवसांपूर्वी संपूर्ण सामना टाकलेला यामामोटो बुलपेनमध्ये हात मोकळा करू लागला होता. तेवढ्यात फ्रेडी फ्रीमनने होम रन मारून त्याची सुटका केली. सुटका तात्पुरतीच होती. सहाव्या सामन्यात त्याने ९६ चेंडू टाकून विजय मिळवला आणि दुसऱ्याच दिवशी, सातव्या सामन्यात, ओहतानी, रोबलेस्की, ग्लासनाऊ, शीहान आणि स्नेल अशी रांग संपल्यावर पुन्हा उभे राहून ३४ चेंडूंत शेवटचे आठ बळी मिळवून दिले. त्या सहांपैकी एकही जण क्लोजर म्हणून घेतलेला नव्हता. ज्याला क्लोजर म्हणून ७.२ कोटी दिले होते, त्याच्याकडे या संपूर्ण सिरीजमध्ये चेंडू गेलाच नाही.

या अनुभवातून डॉजर्सच्या व्यवस्थापनाने योग्य तो बोध घेतला, आणि आपणही तसाच घ्यावा: त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी एडविन डियाझला तीन वर्षांसाठी ६.९ कोटी डॉलरला क्लोजर म्हणून घेतले. स्कॉटच्या कराराची तीन वर्षे तेव्हा अजून बाकी होती.