मावशी, त्या कपाटाशेजारून आधी ऊठ

१० जुलै २०२४ च्या सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणीकडे जमीन हलली. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. बातमी बघितली आणि नांदेडला मावशीला फोन लावला. ती लोखंडी कपाटाला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर आडवी झालेली. धक्का थांबून पंधरा मिनिटं उलटली होती. कपाटाच्या डोक्यावर तीन बॅगा आणि पितळी भांड्यांचं एक गाठोडं. "अरे, मेसेजमध्ये तसंच लिहिलंय. जड वस्तूच्या बाजूला झोपायचं, तिथं त्रिकोण होतो," ती म्हणाली. तेव्हा मी हसलो आणि विषय सोडून दिला.

आता हसू येत नाही. मावसभावाची मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेत भूकंपाचा सराव होतो, ही चांगली गोष्ट. पण पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरला, चार पालकांनी आग्रह धरला आणि शाळेनं सरावच बदलला. पूर्वी मुलं बाकाखाली बसायची, आता त्यांना दोन बाकांमधल्या वाटेत आडवं झोपवतात. डोक्यावर चार पंखे.

मेसेज तुम्हालाही आला असेल. 'जीवनाचा त्रिकोण', किंवा 'ट्रँगल ऑफ लाइफ'. छत जड वस्तूवर कोसळलं की तिच्या बाजूला त्रिकोणी पोकळी राहते, तिथे झोपलात तर वाचाल, असं सांगणारा. मूळ लेखक डग कॉप, एका आंतरराष्ट्रीय बचाव पथकाचा प्रमुख म्हणून स्वतःची ओळख देणारा माणूस. आपण ८७५ कोसळलेल्या इमारतींमध्ये रांगत शिरलो, असं तो सांगतो. वीसेक वर्षं हा मजकूर जगभर फिरतोय, आधी ई-मेलमधून, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आला, मराठीत उतरला आणि खाली 'जनहितार्थ' लागलं. आपल्याकडे जनहितार्थ लिहिलं की पुढचं कुणी तपासत नाही.

त्यात दहा मुद्दे आहेत. सगळ्यांना सारखा वेळ द्यायची माझी तयारी नाही.

"बाकाखाली, टेबलाखाली शिरणारा प्रत्येक जण चिरडून मरतो."

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच, म्हणून आधी हे.

पुरावा म्हणून मेक्सिको सिटीतली १९८५ ची एक शाळा दिली आहे. प्रत्येक मूल बाकाखाली होतं आणि प्रत्येक मूल हाडांच्या जाडीएवढं चेपलं गेलं म्हणे. शाळेचं नाव नाही, मुलांची संख्या नाही. तो भूकंप १९ सप्टेंबरला स्थानिक वेळेनुसार सकाळी ७ वाजून १७ मिनिटांनी झाला. इतक्या सकाळी एका शाळेतली सगळीच्या सगळी मुलं वर्गात हजर आणि सगळी बाकाखाली, हे कुणी मोजलं, ते मेसेज सांगत नाही. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपलंच पोर येतं आणि तो पुढे पाठवतो. मेसेजची ताकद तेवढीच आहे.

दुसरा पुरावा १९९६ चा तुर्कस्तानातला 'प्रयोग'. शाळा आणि घराच्या इमारतीत पुतळे ठेवले, काही टेबलाखाली, काही 'त्रिकोणात'. इमारत पाडली. टेबलाखालचे शून्य टक्के वाचले, त्रिकोणातले शंभर टक्के. आकडे इतके गोल आले की तिथेच शंका यायला हवी होती. इस्तंबूलच्या कंडिल्ली वेधशाळेच्या आपत्ती-शिक्षण प्रकल्पात काम केलेल्या मार्ला पेटल यांनी या प्रयोगाबद्दल सविस्तर लिहिलं आहे. तो भूकंपाचा प्रयोग नव्हताच, बचाव पथकाचा सराव होता. यंत्रांनी खांबांना धडका देऊन इमारत खाली बसवली. जमीन हललीच नाही.

सगळी मेख इथे आहे. भूकंपात आधी जमीन आडवी-उभी हलते, आणि इमारत पडलीच तर त्यानंतर पडते. त्या हलण्यात कपाट जागेवर राहत नाही. ते सरकतं, डुलतं, दारं उघडतात, वरचं सामान खाली येतं आणि शेवटी कपाटच येतं. ज्या वस्तूच्या बाजूला झोपल्यानं जीव वाचेल म्हणतात, तीच वस्तू अंगावर पडते. मावशीच्या घरात इमारत पडण्याआधी पितळी भांडी पडली असती.

मग ढिगाऱ्यातून माणसं पोकळीतून जिवंत निघतात, ते खोटं का? खोटं नाही. जो जिवंत सापडला तो कुठल्या ना कुठल्या पोकळीतच असणार, नाहीतर जिवंत कसा राहील? पण ती पोकळी कुठे होणार हे धक्का चालू असताना कुणाला कळतं? लॉटरी लागलेल्याचा नंबर बघून 'हाच नंबर घ्यायचा होता' म्हणावं, तसला हा शहाणपणा आहे.

अमेरिकन रेडक्रॉसनं २००४ मध्येच या मजकुराला उत्तर दिलं होतं. वाकून खाली बसा, मजबूत वस्तूखाली आडोसा घ्या आणि ती धरून ठेवा, हाच सल्ला योग्य आहे आणि टेबलाखालचा प्रत्येक जण चिरडतो हे विधान चुकीचं आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. यावर ग्रुपवरचे एक काका लगेच म्हणाले, "ते अमेरिकेतल्या इमारतींचं झालं. आपल्या बिल्डरांचं काय?" प्रश्न रास्त आहे. रेडक्रॉसचं उत्तर तिथल्या बांधकामाला धरूनच होतं, हे मान्य. त्यावर थोडं पुढे येतोच. पण आपलं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणही हेच तीन टप्पे सांगतं, आणि ते दिल्लीत बसून आपल्याच इमारतींसाठी सांगतं.

बाक स्लॅब पेलणार नाही, हे प्राधिकरणालाही माहीत आहे. बाक पेलतो तो प्लास्टरचा पोपडा, ट्यूबलाइट, पंखा आणि खिडकीची काच. बहुतेक भूकंपांत बहुतेक इमारती उभ्याच राहतात, माणसं जखमी होतात ती पडणाऱ्या वस्तूंनी आणि पळापळीत. गुडघ्यांवर बसायचं ते धक्क्यानं फेकलं जाऊ नये म्हणून. बाकाचा पाय धरायचा तो बाक सरकला तर आपणही सोबत सरकावं म्हणून. एवढं साधं कारण मुलांना सांगितलं की तीच घरी येऊन आपल्याला शिकवतात. आणि आपण काय केलं, तर त्यांना वाटेत झोपवलं. बाकीची मुलं घाबरून उठली तर ती पळणार त्याच वाटेनं, झोपलेल्यांच्या अंगावरून.

"विटांचं घर कोसळलं तर सुट्या विटा होतात, जखमा होतात पण माणसं कमी चेपतात."

हे वाक्य मराठवाड्यातल्या माणसानं पुढे पाठवावं, याचा मला खरंच संताप येतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत जवळपास आठ हजार माणसं गेली. काँक्रीटचे स्लॅब पडून नाही. घरं होती दगड-मातीची. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती. बाहेरच्या बाजूनं दगड, आतल्या बाजूनं दगड, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही बाजू एकमेकींना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं जड छत, दरवर्षी गळू नये म्हणून मातीचे थर चढवत नेलेलं. जमीन हलली आणि भिंतींच्या दोन्ही बाजू सुट्या झाल्या. बऱ्याच घरांत आतले लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. म्हणजे हे सुट्या दगडांनीच केलं. 'कमी चेपतात' म्हणणाऱ्यानं हे काही पाहिलेलं नाही.

त्या पहाटे त्या घरांत टेबल नव्हतं. असतं तरी अडीच फुटी भिंतीपुढे काय टिकलं असतं? त्रिकोणही टिकला नसता. अशा घरांना वाचवतो तो गवंडी, भूकंपाच्या आधी. आरपार दगड, दारा-खिडक्यांवरून सलग फिरणारा पट्टा, हलकं छत. किल्लारीनंतर पुनर्वसनात गवंड्यांना हे शिकवलं गेलं, आणि समाजाची तयारी म्हणतात ती खरी तिथून सुरू होते. त्यावरचा मेसेज मला आजवर आलेला नाही.

"शक्य असेल तर बाहेर पळा."

इथे मला अर्धं पाऊल मागे यावं लागतं. तळमजला, मातीचं जड छत, दार दोन पावलांवर आणि बाहेर मोकळं अंगण असेल तर बाहेर पडणं शहाणपणाचंच आहे. अधिकृत सल्ल्यांतही अशा घरांसाठी ही सूट सापडते. खेड्यातल्या म्हातारीला 'टेबलाखाली बस' सांगणं तेवढंच मूर्खपणाचं आहे.

पण हीच सूट तिसऱ्या मजल्यावरच्या माणसानं घेऊ नये. आणि घाईतली पळापळ कुठेही जिवावर बेतू शकते. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोक रात्री तंबूत झोपायला लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथे एक दोन वर्षांची मुलगी गेली. छत पडून नाही, धक्क्यानंतर घाईनं बाहेर पळताना पडून.

"दारात उभं राहू नका, जिन्यात जाऊ नका."

हे दोन्ही बरोबर. दाराची चौकट सुरक्षित असते हा जुना समज आहे, आणि जिना मूळ इमारतीपेक्षा वेगळा हलतो. घ्या, दोन गुण दिले. मात्र दारात उभा राहिलेला 'प्रत्येक जण मरतो' हा तिखटमीठ मसाला कॉपसाहेबांचा.

"झोपेत असाल तर पलंगावरून लोळून खाली पडा, शेजारी त्रिकोण होईल."

महाराष्ट्राला हा मुद्दा महत्त्वाचा, कारण आपले दोन्ही मोठे भूकंप पहाटेचे. किल्लारीचं वर सांगितलं, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. अधिकृत सल्ला याच्या उलट आहे. पलंगावरच राहा, पालथं व्हा, उशी डोक्यावर आणि मानेवर घ्या. अंधारात खाली उतरलेला माणूस आधी फुटलेल्या काचेवर पाय देतो. शिवाय आमच्याकडे पलंगाच्या शेजारी असतं कपाटच.

"गाडीतून उतरून गाडीशेजारी झोपा."

१९८९ च्या सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या भूकंपाचा दाखला आहे. ओकलंडमध्ये दुमजली रस्त्याचा वरचा मजला खालच्यावर बसला, ४२ माणसं गेली. धक्का होता पंधराएक सेकंदांचा. तेवढ्यात गाडी थांबवायची, पट्टा सोडायचा, दार उघडायचं आणि चालत्या वाहतुकीत रस्त्यावर पडायचं. पुलापासून, विजेच्या तारांपासून लांब गाडी थांबवून आत बसून राहा, बस.

"कागदाच्या गठ्ठ्यांजवळ मोठ्या पोकळ्या होतात."

म्हणजे रद्दी विकायची नाही. पुढे.

शाळेच्या मुख्याध्यापकांना मी हे सगळं लिहून दिलं आहे. शनिवारी पालकसभा आहे. जुना सराव परत सुरू करा, वर्गातलं कपाट भिंतीला बांधा आणि पंख्यांचे हूक तपासून घ्या, एवढ्या तीन मागण्या आहेत. तिसरीला मुख्याध्यापक लगेच हो म्हणाले, कारण मागच्या वर्षी एक पंखा भूकंपाशिवायच पडला होता.

नांदेडला परवा सुतार बोलावला. कपाटाच्या मागून वरच्या दोन कोपऱ्यांना एल पट्ट्या आणि भिंतीत फास्टनर, साडेतीनशे रुपयांचं काम. प्लास्टरमध्ये नको, आत विटेपर्यंत भोक घे, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. "कपाट चोरीला जातंय का तुमचं?" त्यानं विचारलं. मावशीनं त्याला चहा देऊन किल्लारीपासून सगळं सांगितलं, तो म्हणाला मग माझ्याही घरी लावतो. बॅगा खाली उतरल्या, दिवाणात गेल्या. पितळी भांडी अजून वरच आहेत. ती तिच्या सासूबाईंची आहेत, त्यावर बोलायची माझी हिंमत नाही.