'डोकं कुठे होतं?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

२०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये कोचच्या खुणेमुळे चुकीच्या पट्टीत जाऊन दहा हजार मीटरच्या शर्यतीतून बाद झालेला डच स्पीड स्केटर स्वेन क्रामर, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' अशा टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. बाकीच्यांना शोधत बसायला नको म्हणून ती इथेच उतरवतो.

"लेख कसला, आरती आहे. व्हँकुव्हरचं खापर कोचवर फोडून मोकळे झालात. कोचने बोट दाखवलं हे मान्य, पण याचं स्वतःचं डोकं कुठे होतं? चार वेळा उतरूनही दहा हजारचं ऑलिंपिक सुवर्ण एकदाही नाही, ते एका ओळीत उरकलंत. सोचीतला फरकही चुकीचा दिलाय. बर्फाच्या गोळ्यापलीकडे बर्फ न पाहिलेल्यांनी जरा अभ्यास करून लिहावं."

आधी जे बरोबर आहे ते. २०१४च्या सोची ऑलिंपिकमधल्या दहा हजार मीटरचा फरक मी साडेतीन सेकंद लिहिला होता. विजेता योरिट बर्ग्स्मा १२:४४.४५, दुसरा क्रामर १२:४९.०२, म्हणजे फरक ४.५७ सेकंदांचा. वजाबाकी चुकली. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. आम्ही चूक मान्य करणारी माणसं आहोत. पण चूक दाखवायला एक वाक्य पुरलं असतं, गोळ्याची गरज नव्हती.

आता तो गोळा. २०१२च्या फेब्रुवारीत मी मुलीकडे नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनला होतो. त्या वर्षी कालवे गोठले होते आणि फ्रीसलंड प्रांतात गोठलेल्या कालव्यांवरची अकरा शहरांची स्केटिंग शर्यत पंधरा वर्षांनी होणार म्हणून लोकांना झोप नव्हती. जवळजवळ दोनशे किलोमीटरची ती शर्यत शेवटी झालीच नाही, दक्षिणेकडचा बर्फ पुरेसा जाड होईना. चार-पाच वर्षांची पोरं स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावर ढकलत, तिच्या पाठीला धरून स्केटिंग शिकताना मी पाहिली आहेत. मीही एक खुर्ची धरली होती. काय झालं ते सांगत नाही. क्रामरच्या गावी, हीरनवेनला, थियाल्फ ही धावपट्टी आहे. तिथे वळणाशी कठड्याला टेकून मी दोन तास उभा होतो. शर्यतीच्या स्केटचं पातं फक्त चवड्याशी बिजागरीने जोडलेलं असतं. रेटा देताना टाच सुटते, पाय उचलला की पातं परत बुटाला बसतं आणि 'टक्' असा आवाज येतो. सरावाला आलेली वीस-पंचवीस पोरं वळणावरून गेली की दगडी पाट्यावर कुणीतरी भराभर सुपाऱ्या फोडतंय असं वाटतं. हा आवाज आपण कुठे ऐकलात, स्पष्टवक्ते?

असो. आता मुख्य वाक्य. "याचं स्वतःचं डोकं कुठे होतं?" हे वाक्य मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरतो आहे.

दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या. दोघं एकाच वेळी सुटतात, एक आतल्या पट्टीत, एक बाहेरच्या. आतला मार्ग आखूड पडतो म्हणून प्रत्येक फेरीत समोरच्या सरळ भागावर दोघांनी पट्टी बदलायची. म्हणजे एकाच शर्यतीत पंचवीस वेळा आत-बाहेर. २३ फेब्रुवारी २०१०ला क्रामर सरासरी ३१ सेकंदांची एकेक फेरी मारत होता, ताशी सेहेचाळीस किलोमीटरच्या वर. कंबरेत वाकलेला, मांड्या पेटलेल्या, आठेक फेऱ्या उरलेल्या. जोडीतला इव्हान स्कोब्रेव मागे पडलेला, त्यामुळे शेजारी बघून अंदाज घ्यायचीही सोय नाही. त्या सरळ भागावर फेरीची वेळ लिहिलेली फळी घेऊन उभा असतो कोच. गेरार्ड केमकर्स. हा काही फुटकळ माणूस नव्हे, १९८८च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये पाच हजारचं कांस्य घेतलेला स्केटर. क्रामर बाहेरच्या पट्टीकडे निघालाच होता, म्हणजे आपण विचारता ते डोकं जागेवरच होतं! केमकर्सने आत बोट दाखवलं आणि अगदी शेवटच्या क्षणी हा आत वळला. वेळ १२:५४.५०, पण पट्टी न बदलल्यामुळे बाद. सुवर्ण कोरियाच्या ली सुंग-हूनला, १२:५८.५५ मध्ये. शर्यत संपवून क्रामरने हात वर केले, तोवर त्याला काही कळलेलंच नव्हतं. केमकर्सने जवळ येऊन सांगितलं तेव्हा त्याने चष्मा काढून भिरकावला. मध्यरात्र उलटून गेली होती, माझं इंटरनेट अडखळत होतं. चित्र थांबलं तेव्हा मला वाटलं तो आनंदाने ओरडतोय.

आपण म्हणाल, बोट दाखवलं म्हणून जायचं का? हो, जायचं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. जिल्हा मैदानी स्पर्धांना मी सतरा वर्षं फेऱ्या मोजणारा पंच म्हणून उभा राहिलो आहे. तिथेही दहा हजार मीटर, तिथेही चारशेच्या पंचवीस फेऱ्या, फक्त बर्फाऐवजी लाल माती आणि चुन्याच्या फक्कीच्या रेषा. एका वर्षी घंटा माझ्याकडे होती. घंटा म्हणजे शाळेचा टोलच, सुतळीने टांगलेला. दुपारी तीनची शर्यत, तक्त्यावर घाम गळून खुणा फिसकटलेल्या. मी एक फेरी आधी टोल दिला. पुढे असलेला पोरगा अनवाणी होता. त्याने टोल ऐकला आणि जीव तोडून सुटला, रेषा ओलांडून मातीत पालथा पडला. मग त्याला सांगितलं, ऊठ, अजून एक आहे. तो उठला, ती फेरी त्याने जवळजवळ चालत काढली आणि तिसरा आला. नंतर माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाला, "सर, माझ्या हिशेबाने दोन राहिल्या होत्या. पण टोल तुम्ही दिलात ना." त्याचा हिशेब बरोबर होता. आता जा आणि त्याला विचारा तुझं डोकं कुठे होतं म्हणून. मी तर विचारू शकलो नाही.

आणि खापर फोडण्याबद्दल. माझ्या लेखात केमकर्सबद्दल वाईट शब्द एकही नाही, असला तर दाखवा. खापर क्रामरनेही फोडलं नाही, निदान हाकलून तरी दिलं नाही. दुखापतीत पुढचा अख्खा हंगाम गेला, आणि परत आला तो त्याच केमकर्सकडे. २०१२ आणि २०१३ची सर्वंकष (चार अंतरांची मिळून) जगज्जेतेपदं, एकूण नवांपैकी दोन, त्याच्याच हाताखाली. सोचीतलं पाच हजारचं सुवर्णही. २०१४ला केमकर्स फुटबॉलकडे, ग्रोनिंगनच्या क्लबात गेला तेव्हा ती जोडी फुटली. मी याला मोठेपणा म्हटलं, आपण आरती म्हणालात. चालायचंच. आपल्याला प्रसाद नको असेल तर देवळात येऊ नये.

राहिला दहा हजारच्या सुवर्णाचा मुद्दा. ट्युरिनमध्ये सातवा, व्हँकुव्हरमध्ये बाद, सोचीत रौप्य, प्योंगचांगला सहावा. तिथे सुवर्ण टेड-यान ब्लूमनने नेलं, तोही जन्माने डचच, कॅनडाकडून उतरलेला. मला हे ठाऊक नाही असं आपल्याला वाटलं? पाच हजारचं सुवर्ण लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये घेणाऱ्या माणसाबद्दल एक ओळ त्या विषयाला पुरेशी आहे असं मला वाटलं, अजूनही वाटतं. यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे निदान 'आपण' म्हणावं की 'तू' हे तरी मला कळेल.